दंगलीआधीचं काम

यंत्रमागाच्या धोट्यात सुताची कांडी बसवलेली असते. ती काही मिनिटांत संपते, माग थांबतो, मागवाला रिकामी कांडी काढून भरलेली घालतो आणि खडखडाट पुन्हा सुरू होतो. दिवसभर हेच चालतं. मागावर उभा असतो तो पुरुष. त्याच्या हाताशी असलेल्या टोपलीतल्या कांड्या मात्र बहुतेक वेळा घरातल्या बाईने भरलेल्या असतात. स्वयंपाक, पाणी, पोरांची शाळा यांच्या मधल्या वेळात ती कांडी मशीनवर बसते. तिच्या कामाचा वेगळा हिशेब क्वचितच होतो. घरच्या मजुरीत ते धरलेलंच असतं.

बुऱ्हाणपूर हे असं कांड्यांवर चालणारं शहर आहे. फारुकी सुलतानांनी तापीकाठी वसवलेली ही खानदेशची जुनी राजधानी आज मध्य प्रदेशात आहे, पण रावेर आणि मुक्ताईनगर इथून जवळ, आणि शहापूर-इच्छापूरच्या बाजूला घराघरांत मराठी बोलली जाते. १८५७ नंतर उत्तरेकडचे मोमीन-अन्सारी विणकर आग्रा रोडने दक्षिणेकडे सरकत आले आणि बुऱ्हाणपूर, धुळे, मालेगाव, भिवंडी इथे ठिकठिकाणी स्थिरावले. त्यामुळे या गावांची घडण सारखी आहे. विणणारा बहुधा मुसलमान असतो, सूत देणारा आणि कापड उचलणारा व्यापारी बहुधा हिंदू. बक्रम, अस्तर, कोरं कापड या सगळ्यांत दोघांचे पैसे अडकलेले असतात.

संचारबंदी लागली की काय होतं हे अशा गावातल्या बाईला सांगावं लागत नाही. सूत येत नाही, तयार ताका कुणी उचलत नाही, आठवड्याचा पगार होत नाही. किराणा उधारीवर, आणि उधारी देणारं दुकान दुसऱ्या मोहल्ल्यात. ऑक्टोबर २००८ मध्ये, दसऱ्याच्या सुमारास, बुऱ्हाणपुरात दंगल उसळली. माणसं मेली, शहर संचारबंदीत गेलं. रस्त्यावरची जळालेली दुकानं चार दिवस बातमीत राहतात. चुलीपुढे लागलेली संचारबंदी बातमीत येत नाही, आणि ती लवकर उठतही नाही.

इथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी राजाने तो कोरवून घेतला. बुऱ्हाणपूरच्या सलोख्याचा विषय निघाला की हा शिलालेख दाखवला जातो. तो सुंदर आहे, पाहावाच. पण तो चारशे वर्षं तिथे होता आणि २००८ ची दंगलही झालीच. शांतता वारशात मिळत नाही, ती रोज करावी लागते. ती करणाऱ्यांत बायका कुठे असतात आणि कुठे नसतात, हे मला नीट पाहायचं आहे, कारण या विषयावर बोलताना आपण फार लवकर भावुक होतो.

भावुकपणा असा, की बाई आई असते, म्हणून ती मुळातच हिंसेच्या विरुद्ध असते. हे खरं नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईत बायकाही जमावात होत्या, रस्ते अडवायला बसल्या होत्या. फ्लेव्हिया ॲग्नेस यांच्यासारख्या स्त्री चळवळीतल्या अभ्यासकांनी त्यानंतर स्वतःच्या चळवळीलाच अवघड प्रश्न विचारले. ज्या बाईला आपण बहीण म्हणून हाक मारत होतो, ती शेजारच्या बहिणीच्या घराला आग लागताना गप्प का बसली? कधी त्यात सामील का झाली? श्रीकृष्ण आयोगाने त्या दोन महिन्यांत ९०० माणसं मेल्याची नोंद केली आहे. त्या आकड्यासमोर ‘स्त्री म्हणजे शांती’ हे वाक्य टिकत नाही.

तरीही हिंसक अतिरेक रोखायचा असेल तर बायकांकडेच वळावं लागतं. त्याची कारणं वेगळी आहेत, आणि त्यातलं पहिलं खानदेशातच सापडतं.

१९८२ च्या सुमारास जळगावात मुस्लिम जमातीच्या पंचांनी फर्मान काढलं, की बायकांनी सिनेमा पाहायचा नाही. बंदी फक्त बायकांना होती. पुरुष थिएटरात जायला मोकळे होते. छात्र युवा संघर्ष वाहिनीत काम करणारी रझिया पटेल ही विशीतली तरुणी या बंदीविरुद्ध उभी राहिली. तिने बायकांना एकत्र केलं, बंदी मोडायची म्हणून थिएटरकडे जायचं ठरवलं, जमावाचा विरोध अंगावर घेतला. पुढे ‘चाहूल’ या पुस्तकात त्यांनी या काळाबद्दल लिहिलं आहे. सिनेमा ही गोष्ट किरकोळ वाटेल. अनेकांना तेव्हाही ती किरकोळ वाटली, आणि ‘आधी भाकरीचं बोला’ असे सल्ले अशा वेळी मिळतातच. पण त्या बंदीत एक सत्ता आकार घेत होती. कुणी कुठे जावं हे ठरवणारी, मोडणाऱ्याला मारणारी, आणि कायद्याला न जुमानणारी. अशी सत्ता सुरुवात बायकांपासून करते, कारण तिथे तिला सगळ्यांत कमी विरोध होतो. विरोध झाला नाही की ती पुढे सरकते.

याची आधीची कडीही महाराष्ट्रात आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला होता. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्धचा तो मोर्चा होता. सातच बायका, पण त्यांनी आपलं म्हणणं चार भिंतींबाहेर, राज्याच्या दारात मांडलं.

जळगावात जे दिसलं, ते आता संशोधनही सांगतं आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या मेलिसा जॉन्स्टन आणि जॅकी ट्रू यांनी २०१९ मध्ये इंडोनेशिया, बांगलादेश, फिलिपाइन्स, लिबिया अशा देशांतल्या सर्वेक्षणांवरून दाखवलं, की हिंसक अतिरेकाला कोण पाठिंबा देईल हे त्याच्या धार्मिकतेवरून, वयावरून किंवा शिक्षणावरून तितकंसं कळत नाही. स्त्रियांबद्दलचा द्वेष आणि त्यांना मारण्याचं समर्थन यांवरून ते जास्त कळतं. जोन स्मिथ या ब्रिटिश लेखिकेने ‘होम ग्रोन’ या पुस्तकात दहशतवादी हल्ले करणाऱ्यांचे इतिहास तपासले आणि त्यांतल्या अनेकांनी आधी आपल्या बायका-आया-बहिणींवर हात उचललेला होता हे मांडलं. म्हणजे घरातल्या मारहाणीची तक्रार घेऊन बाई ठाण्यात येते तेव्हा ती कदाचित गावाच्या सुरक्षेचीही खबर घेऊन आलेली असते. ‘घरची भानगड, घरी मिटवा’ म्हणून तिला परत पाठवलं जातं, तेव्हा ती खबरही परत जाते.

आता दुसरी गोष्ट, आणि ती मला फार अस्वस्थ करते. १६ एप्रिल २०२० ची रात्र, पालघर जिल्ह्यातलं गडचिंचले. टाळेबंदी होती, मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा पसरल्या होत्या, गावकरी रात्री पहारा देत होते. दोन साधू आणि त्यांचा चालक असलेली गाडी अडवली गेली. सरपंच चित्रा चौधरी तिथे पोचल्या आणि जमावाला समजावू लागल्या. माणसं आपल्याच गावची, आसपासच्या पाड्यांवरची. पोलीस येईपर्यंत बराच वेळ त्यांनी जमावाला शब्दांवर रोखून धरलं. मग गर्दी वाढत गेली, आणि पोलिसांच्या डोळ्यांसमोर तिघांना मारून टाकलं गेलं.

या प्रसंगावर पुढे जे राजकारण झालं त्यात ही बाई झाकली गेली. तिच्याकडे पद होतं, धैर्य होतं, गावातली ओळख होती. तिच्या बाजूला उभ्या राहतील अशा आणखी दहा बायका मात्र नव्हत्या. अफवा आठवडाभर फिरत असताना ‘हे खोटं आहे’ असं दारोदार जाऊन सांगणारी यंत्रणा नव्हती. त्याच्या दोन वर्षं आधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांचा जीव घेतला होता. तरी ती यंत्रणा उभी राहिली नाही. एकट्या बाईच्या धैर्यावर शांतता सोपवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

मग काय असावं लागतं? आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा शहरांच्या जोड्या लावल्या. अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. प्रत्येक जोडीत एक दंगलखोर, एक तुलनेने शांत. दोन्हींत हिंदू-मुस्लिम लोकसंख्येचं प्रमाण साधारण सारखं. फरक कशात? एकमेकांकडे जाणं-येणं, सणाला ताट पाठवणं, पोरांनी एकत्र खेळणं या रोजच्या संबंधांनी खेड्यात बरंच भागतं. शहरात मात्र ते पुरत नाहीत. व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालयं, क्लब अशा ज्या संघटनांत दोन्ही समाजांची माणसं एकत्र काम करतात, त्या असल्या तर अफवा तपासली जाते, पुढाऱ्याला जाब विचारला जातो, पोलिसांवर दाब राहतो.

हे वाचल्यावर मला बायकांचं नेमकं काय अडतं ते उमगलं. मोहल्ल्यातल्या बायकांचे संबंध प्रामुख्याने पहिल्या प्रकारचे असतात. नळावरचे, दवाखान्यातले, बचत गटाच्या हप्त्याचे, बाळंतपणाला धावून जाण्याचे. ते खोल असतात. कुणाचा मुलगा रात्री उशिरा येतो आणि कुणाच्या घरी अचानक नवे पाहुणे राहायला आलेत हे त्यातून कळतं. पण त्या संबंधांना नाव नसतं, बैठक नसते, रजिस्टर नसतं, ठाण्यात जाऊन बसायला खुर्ची नसते. पुरुषांकडे व्यापारी मंडळ असतं, उत्सव समिती असते, मशिदीची कमिटी असते. दंगलीच्या रात्री फोन त्यांचेच वाजतात.

शेजारच्या संबंधांना अशी बैठक देणं भिवंडीने एकदा करून दाखवलं होतं. तिथे ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा दंगल झाली, आणखी भीषण. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या बांधायला घेतल्या. प्रत्येक समितीत दोन्ही समाजांची सारखी माणसं, आणि त्यांत पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसं जास्त. शहरभर अशा सुमारे ७० समित्या झाल्या. दंगल नसताना त्या नियमित भरत. नळ, गटार, भाडेकरूची भांडणं असे विषय निघत, आणि त्याच बैठकांत शेजारी एकमेकांना ओळखू लागत. डिसेंबर १९९२ मध्ये ५० किलोमीटरच्या आत मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. पुढे या समित्यांचा जोर ओसरला. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भिवंडीत पुन्हा हिंसा झाली आणि दोन पोलीस जमावाच्या हातून मारले गेले. यंत्रणा चालू ठेवली तरच चालते.

मुंबईत या कामाच्या मुळाशी एक मराठी बाई होती. सुशोभा बर्वे. पाचगणीच्या ‘एशिया प्लॅटो’ केंद्रामागच्या नैतिक पुनरुत्थान चळवळीत त्या काम करत. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर रेल्वेच्या डब्यात जमावाने शिखांना मारलं ते त्यांनी पाहिलं, अडवायचा प्रयत्न केला आणि तो अपुरा पडला. त्यानंतर त्यांनी आयुष्य या कामाला दिलं. १९८९ च्या दंगलीनंतर भागलपूर, १९९३ मध्ये धारावी, आणि पुढे काश्मीर. मुंबईत १९९४ पासून तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो यांच्यासह मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी राहिली, तीत त्या होत्या. धारावीत त्यांच्यासोबत भाऊ कोरडे होते. त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या दोन्ही बाजूंना एकत्र बसवायची घाई करत नसत. आधी प्रत्येकाचं वेगळं ऐकून घ्यायचं. राग, भीती, मेलेल्यांची नावं, पोलिसांबद्दलची तक्रार, सगळं. ज्याचं कुणी ऐकलेलं नाही, तो दुसऱ्याचं ऐकत नाही. दिवंगताच्या घरी तासन् तास बसून राहण्याची सवय आपल्याकडे बायकांनाच असते, आणि सुशोभाताईंनी ती सार्वजनिक कामात आणली. ‘हीलिंग स्ट्रीम्स’ या त्यांच्या पुस्तकात हे काम सविस्तर आलं आहे.

जगाच्या पातळीवर हा विषय संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पोचला तो ३१ ऑक्टोबर २००० रोजी, ठराव क्रमांक १३२५ मधून. शांतता वाटाघाटींत स्त्रियांना स्थान द्या, असं त्यात म्हटलं आहे. ऑक्टोबर २०१५ च्या ठराव २२४२ ने हिंसक अतिरेक रोखण्याचा विषय त्याला जोडला. प्रत्यक्षात १९९२ ते २०१९ या काळातल्या मोठ्या शांतता प्रक्रियांत वाटाघाटी करणाऱ्यांत स्त्रिया सरासरी १३ टक्के आणि करारावर सह्या करणाऱ्यांत ६ टक्के होत्या. व्हिएन्नाच्या एडिट श्लाफर यांनी ‘मदर स्कूल्स’ सुरू केल्या. मुलगा कट्टरतेकडे सरकतोय हे कसं ओळखावं, त्याच्याशी कसं बोलावं, हे आयांना शिकवणारे हे वर्ग. त्याआधी त्यांनी पाच देशांतल्या हजारावर आयांशी बोलून विचारलं होतं, की अशा वेळी कुणावर विश्वास ठेवाल? आयांनी इतर आया आणि वडील यांची नावं घेतली. सरकार आणि पोलीस शेवटी आले.

हे उत्तर आपल्याकडच्या अधिकाऱ्यांनी जपून वाचावं. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण ‘आयसिस’मध्ये सामील व्हायला इराककडे गेले. त्यानंतर महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने तुरुंगाऐवजी समजावून परत आणण्याची वाट धरली. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्यातल्या एका १६ वर्षांच्या मुलीला घरच्यांच्या आणि मौलवींच्या मदतीने ‘आयसिस’च्या वाटेवरून मागे आणलं गेलं. समजावून परत आणण्याची ही वाट चांगली आहे. पण आई ठाण्यात तेव्हाच जाईल, जेव्हा मुलाला समजावलं जाईल, उचललं जाणार नाही, असा भरवसा तिला असेल.

तो भरवसा का नसतो, याची कारणंही आपल्या भागातच आहेत. ८ सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटांत नऊ मुस्लिम पुरुषांना आरोपी केलं गेलं. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. मध्ये दहा वर्षं गेली. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं मोहद हे गाव जून २०१७ मध्ये देशभर गाजलं. चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तान जिंकल्यावर जल्लोष केला, म्हणून तिथल्या मजुरी करणाऱ्या मुस्लिम पुरुषांवर आधी राजद्रोहाचं कलम लागलं. ते मागे घेऊन दुसरी कलमं लावली गेली. ज्याच्या नावावर तक्रार होती त्या हिंदू शेजाऱ्याने आपण तशी तक्रार केलीच नाही असं सांगितलं. २०२३ मध्ये न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. त्याआधी त्यांच्यातल्या एकाने आत्महत्या केली होती. असा खटला चालू असताना तारखेला गेलेल्या मजुराचा रोज बुडतो, वकिलाचे पैसे उसने घ्यावे लागतात, आणि ‘देशद्रोह्याचं घर’ हे नाव पोरांना शाळेत ऐकावं लागतं. हे सगळं निभावते ती घरातली बाई. अतिरेक रोखायला आयांनी पुढे यावं असं सांगताना हे खटले आठवणीत ठेवावेत. आईला खबरी बनवायचं आणि तिच्या मुलाच्या निर्दोषपणाची किंमत मोजायची नाही, हे एकत्र चालणार नाही. उलट मोहदमध्ये शेजाऱ्याने जे केलं, दबाव असूनही खरं तेच सांगितलं, ते शांततेचं मोठं काम होतं.

बुऱ्हाणपूरच्या शहराकडून जंगलाकडे वळलं तर बायकांच्या संघटनाचं आणखी एक उदाहरण दिसतं. नेपानगरच्या बाजूला बारेला, भिलाला, कोरकू वस्त्या आहेत. वनहक्क कायदा २००६ चा, तरी दावे वर्षानुवर्षं लटकलेले. जुलै २०१९ मध्ये सिवलला वनखात्याच्या माणसांनी आदिवासींवर छऱ्यांच्या बंदुका चालवल्या, चौघे जखमी झाले. इथे जागृत आदिवासी दलित संघटन काम करतं. माधुरीबेन हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. संघटनेच्या मोर्चांत आणि धरण्यांत बायका मोठ्या संख्येने असतात. रोजगार हमीची मजुरी, रेशन, सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला मिळणारी वागणूक हे त्यांचे प्रश्न, आणि अर्ज, धरणं, न्यायालय ही त्यांची हत्यारं.

२०२२ च्या अखेरीस घाघरला भागात बाहेरून आलेल्या टोळ्यांनी प्रचंड जंगलतोड सुरू केली. गोफणी आणि तीरकामठे घेऊन वन कर्मचाऱ्यांवर हल्ले झाले. नोव्हेंबरमध्ये बाकडी वनचौकीतून १७ बंदुका पळवल्या गेल्या. ७ एप्रिल २०२३ ला नेपानगर ठाण्यावर हल्ला करून तीन आरोपींना सोडवून नेलं गेलं. त्या काळात तोड थांबवा म्हणून तक्रारी करणारे आणि कलेक्टर कचेरीसमोर बसून राहणारे हे संघटनेचे आदिवासी स्त्री-पुरुष होते. त्याच वर्षी जुलैमध्ये माधुरीबेन यांना एका वर्षासाठी जिल्ह्यातून तडीपार करण्यात आलं. संघटनेच्या अंतराम आवासे या कार्यकर्त्यालाही पुढे तडीपार केलं गेलं. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने आवासे यांची तडीपारी रद्द केली आणि सरकारला ५० हजार रुपयांचा दंड केला.

निमाडातली गरिबी, वनखात्याचा जाच, जमिनीची असुरक्षितता हे सगळं बालाघाट किंवा बस्तरसारखंच आहे. तरी सशस्त्र नक्षलवाद इथे रुजला नाही. याची कारणं अनेक असतील. माझ्या मते एक मोठं कारण हे, की इथे राग व्यक्त करायला उघड आणि कायदेशीर संघटना होत्या, आणि त्यांत बायका होत्या. घरसंसार सांभाळणाऱ्या बायका असल्या की संघटनेला भूमिगत होणं अवघड जातं. पोरंबाळं, शेळ्या, रेशनचा दिवस सांभाळून जे आंदोलन करता येतं ते उघड्यावरच करावं लागतं. अशा संघटनेला तडीपार करणारं प्रशासन आपल्याच जिल्ह्याची तटबंदी पाडतं.

शहरात परत येऊ. २०२२ मध्ये बुऱ्हाणपूरच्या महापौर माधुरी पटेल झाल्या. २०२३ मध्ये बुऱ्हाणपूरमधून अर्चना चिटणीस आणि नेपानगरमधून मंजू दादू आमदार झाल्या. मध्य प्रदेशात पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. पदांची उणीव इथे नाही. गणपती, मोहरम, ईद, दसरा आला की जिल्ह्याजिल्ह्यांत शांतता समितीची बैठक होते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. त्यात तेच पुढारी, तेच मंडळांचे अध्यक्ष, बहुतेक सगळे पुरुष. मिरवणूक कुठून जाणार, डीजे किती वाजता बंद होणार हे ठरतं. ज्या गल्लीतून ती जाणार त्या गल्लीतल्या बायकांना कुणी विचारत नाही.

हे बदलायला नवा कायदा लागत नाही. कलेक्टर आणि पोलीस अधीक्षकांनी ठाण्याच्या पातळीवर समिती नेमताना निम्म्या जागा बायकांना द्याव्यात, आणि त्या नगरसेवकांच्या बायकांना न देता मोमीनपुऱ्यात कांडी भरणाऱ्या, लालबागेतल्या मिलमध्ये पूर्वी घरची माणसं कामाला असलेल्या, आशा सेविका, अंगणवाडी कार्यकर्त्या, बचत गटाच्या अध्यक्षांना द्याव्यात. बैठक रात्री आठला ठेवू नये. दुपारी दोनला, जेवणं उरकल्यावर आणि शाळा सुटण्याआधी ठेवावी. महिन्याला एकदा, सण असो वा नसो. अफवा उठली तर ठाणेदाराने या बायकांना थेट फोन करून खरं काय ते सांगावं, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी द्यावं. घरातल्या मारहाणीची तक्रार घेऊन त्यांच्यापैकी कुणी आली तर ती नोंदवावी. आणि पहिल्या बैठकीचा विषय मिरवणूक नसावा. पाणी, कांडीचे दर किंवा गल्लीतला दिवा असावा, म्हणजे पुढच्या महिन्यात त्या पुन्हा येतील.